चार विसा पाच

चिंचोक्यांचे ढीग मोजून संख्या लिहायची होती. वर्ग तिसरीचा, शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, दोनशिक्षकी. २०१२चा पावसाळा, म्हणजे आमच्याकडे नुसताच ढगांचा. प्रत्येकाच्या पुढ्यात मी एकेक ढीग ठेवला आणि मोजून वहीत लिहून आणायला सांगितलं. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीच्या ढिगात ८५ चिंचोके होते. तिनं लिहिलं ४५. मी लाल फुली मारली. दुसऱ्या ढिगात ६८ होते. तिनं लिहिलं ३८. पुन्हा फुली.

"नीट मोज गं," एवढंच मी म्हणाले. ती जागेवर जायची, बोट लावून परत मोजायची आणि तेच उत्तर घेऊन यायची. दोन-तीन आठवडे हे असंच चाललं. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे मी लिहून ठेवलं : स्थानिक किंमत समजत नाही.

ती धनगराची पोर. पावसाळाभर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, आमच्या वस्तीच्या माळावर असायचा. दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादून ही माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची, ती मृगाच्या सुमाराला परतायची. शाळेच्या वाट्याला ती मुलगी यायची जेमतेम साडेचार महिने. बाहेरगावी गेल्यावर तिला जवळच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. त्याबद्दल बोलायला मी एका संध्याकाळी माळावर गेले.

मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, घ्यायची वेळ होती. जाळीच्या तोंडाशी तिचा आजा उभा होता. मेंढरं आत शिरत होती आणि तो ओठातल्या ओठात पुटपुटत होता. मध्येच डाव्या हातातला एक खडा उजव्या हातात घ्यायचा. सगळी आत गेल्यावर त्यानं उजवी मूठ उघडून बघितली आणि म्हणाला, "पाच ईसा नि तेरा. हायती समदी."

माझ्या शेजारी उभी असलेली नात लगेच म्हणाली, "पाच, तेरा."

मी तिथंच थांबले. चार ईसा नि पाच. चार, पाच. ४५. तीन ईसा नि आठ. ३८. तिचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. डाव्या बाजूला तिनं विसांचे गठ्ठे लिहिले होते, उजव्या बाजूला सुटे. जागेला किंमत असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागेची किंमत वीस होती, माझ्या पुस्तकातल्या जागेची दहा. आणि मी तिच्या नावापुढे काय लिहून ठेवलं होतं!

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाईट वाटलं होतंच, पण त्याहून जास्त छळत होता तो एक प्रश्न : माझ्याजवळ डी.एड.ची पदविका होती, पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव होता, दर वर्षीच्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं फायलीत होती. मग हे मला वहीत का दिसलं नाही?

डी.एड.ला आम्ही सराव पाठ घ्यायचो. डाव्या हाताला पाठ टिपणाची वही, मागच्या बाकावर निरीक्षक. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. प्रस्तावनेचे प्रश्न असे बेतायचे की चौथ्या-पाचव्या प्रश्नाला मुलांच्या तोंडून घटकाचं नाव निघालंच पाहिजे, आणि ते निघालं की लगेच म्हणायचं, "मुलांनो, आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत." एखाद्या मुलानं भलतंच उत्तर दिलं की छातीत धस्स व्हायचं, कारण आपला पाठ रुळावरून घसरायचा. भलतं उत्तर म्हणजे अडथळा, हे तेव्हापासून अंगात भिनलेलं. ते उत्तर त्या मुलाला कुठून सुचलं, हे विचारायची जागा त्या टिपणात नव्हती. मुलाची चूक कशी वाचायची हे दोन वर्षांत आम्हाला कुणी शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बसवलं. ८५ चिंचोके दिले. तिनं भराभर चार विसा लावले, पाच बाजूला ठेवले. मी विचारलं, "या एका विसातले दहा-दहा वाटायचे झाले तर किती जणांना मिळतील?"

"दोघांस्नी."

तिनं प्रत्येक विसाची दोन भागांत वाटणी केली. चाराचे आठ झाले. आठ दहा नि पाच सुटे. आपल्या जुन्या ४५च्या खाली तिनं ८५ लिहिलं, बराच वेळ दोन्हींकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी ईस म्हंजी दहाची जोडी." मग जरा थांबून, "बाई, ह्ये बी बराबर नि त्ये बी बराबर?"

"हो. हा आजाचा हिशेब, हा पुस्तकातला."

"मग फुली का मारली?"

लाल शाई पुसता येत नाही. मी त्या फुलीशेजारी लिहिलं, 'बरोबर, विसाच्या हिशेबानं,' आणि खाली सही केली.

त्या आठवड्यात आमच्या वर्गाला वेडच लागलं. घरी जाऊन विचारून यायचं की तुमच्याकडे कशाची मोजणी कशी करतात. कुणी शेर-पायली आणली, कुणी अधोली. एकाच्या आजीनं सांगितलं की बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. "बाई, खंडीत बी ईसच!" तो पोरगा दारातूनच ओरडत आला. जुन्या मापांचा धडा मी त्याआधीही शिकवला होता, कोष्टक पाठ करून घेऊन. या खेपेला कोष्टक पोरांनीच फळ्यावर तयार केलं, आणि पायली एका घराची थोडी लहान, दुसऱ्याची थोडी मोठी का, यावर मधल्या सुट्टीत भांडणं झाली. मग सगळ्यांची पायली एकसारखी असावी यासाठी किलो-लिटर आलं, हे सांगायला मला दोनच मिनिटं लागली.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय, कारण 'बालकेंद्री शिक्षण' हा शब्द मी या घटनेच्या आधी दोन वर्षं इतरांना शिकवत होते.

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला, त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रशिक्षणांचा धडाका सुरू झाला. मी तालुक्याची तज्ज्ञ मार्गदर्शक होते. राज्याचं प्रशिक्षण घेतलेले जिल्ह्याला शिकवणार, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. आमच्या भागातल्या माणसाला हे कालव्याच्या भाषेत पटकन कळेल : मुखाशी पाणी धो-धो असतं आणि टेलच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येतं ते नुसतं ओल धरण्यापुरतं. त्या टेलला मी उभी होते. शाळेच्या हॉलमध्ये साठ शिक्षक सतरंजीवर बसलेले, मी पडद्यावर एकेक सरकचित्र दाखवत सांगत होते की मुलांना बोलू द्या, मुलांना प्रश्न विचारू द्या, मुलांच्या अनुभवाला वर्गात जागा द्या. पाच तास मी एकटी बोलत होते. साठ अनुभवी माणसं गप्प बसून ऐकत होती. त्यांच्या अनुभवाला मी एकदाही जागा दिली नाही. संध्याकाळी अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यांनी 'प्रशिक्षण उत्तम झाले' असं लिहून दिलं आणि सोमवारी आपापल्या वर्गात जाऊन आपण पूर्वीसारखंच शिकवलं. मीसुद्धा.

शिक्षक आपल्याला सांगितलं गेलं तसं शिकवत नाही. तो आपण स्वतः ज्या रीतीनं शिकलो त्या रीतीनं शिकवतो. त्यामुळे भाषण ऐकून शिकलेला शिक्षक भाषणच देणार. हे मला कळायला एक धनगराची पोर लागली.

२०१५च्या जूनमध्ये, २२ तारखेला, 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटाकडे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाकडे, वळल्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्या बीटातल्या चाळीसेक जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपल्या अनुभवातून स्वतःच घडवतं हा विचार, वर्गात उतरवून दाखवला होता. मीही गेले. मुलं जमिनीवर गटागटानं बसलेली, फरशीवर रंगवलेले तक्ते, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे, आणि बाई कुठं आहेत ते शोधावं लागलं, कारण त्या एका गटात मांडी घालून बसल्या होत्या. दारात पाहुण्यांची एवढी गर्दी, पण मुलांनी मान वर केली नाही. सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढले.

त्यानंतर वर्षभरात गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. त्यातल्या कितीतरी ठिकाणी रंग तेवढा आला. मला त्या शिक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. एक दिवसाच्या भेटीत डोळ्याला दिसतो तो रंगच. जे दिसत नाही ते असं की कुमठ्यात शिक्षकांना चुकायला, एकमेकांच्या वर्गात बसायला आणि पुन्हा करून बघायला वेळ मिळाला होता, आणि त्यांच्या वरची अधिकारी व्यक्ती तपासायला येण्याऐवजी मुलांजवळ जाऊन बसत होती. तेवढी मोकळीक मिळाली तर साध्या शहाबादी फरशीवर खडूनंही काम भागतं.

आपल्याकडे ही वाट नवी नाही, याची मला फार वेळा आठवण करून द्यावीशी वाटते. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक कसा हवा ते सांगितलं होतं. तो प्रशिक्षित हवा, शेतकरी वर्गातला हवा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये, आणि त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा. मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य हेही त्यांनी अभ्यासक्रमात मागितलं. प्रशिक्षण, पगार आणि हाताचं काम या तीन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. आपण नंतर त्या सुट्या केल्या आणि प्रत्येकीसाठी वेगळी योजना काढली.

आणि माझ्या धनगराच्या मुलीसाठी तर उत्तर कोसबाडच्या टेकडीवर कधीचंच तयार होतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे जवळच्या कोसबाडला. बालवाडीत आदिवासी मुलं येईनात, तर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी योजनेचं नाव म्हणून वापरतो, पण त्यात दोन बायकांचं रोज पाड्यावर चालत जाणं आहे. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा कुरणात गेली. गुरं चरतायत आणि तिथंच पानं, बिया, दगड घेऊन शिकणं चाललंय, ती कुरणशाळा. 'मूल शाळाबाह्य आहे' असं आपण म्हणतो, त्यांनी बहुधा उलट विचार केला असावा की शाळा मुलाबाहेर राहिली आहे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तो सुरू केला. तिथून शाळांमध्ये पोचलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, रक्तगट तपासणी असली कामं करतात, आणि गावाला लागणारी वस्तू करून देऊन तिचा खर्च मांडतात. वेल्डिंगचा सांधा निघाला की मूल स्वतःच सांगतं काय चुकलं. तिथं लाल फुलीची गरज पडत नाही.

तर २०१६च्या ऑगस्टमध्ये आमच्या केंद्राची शिक्षण परिषद माझ्या शाळेत होती. विषय आला होता 'परिसरातून अध्ययन'. मी प्रोजेक्टर लावला नाही. सत्तावीस शिक्षकांना घेऊन माळावर गेले. वाड्यावरच्या माणसांना आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं. पाच-सहा जणांचे गट केले आणि एकच काम दिलं : काहीही शिकवायचं नाही, फक्त विचारायचं, बघायचं, आणि आपल्या वर्गाला नेता येईल असा एक प्रश्न घेऊन यायचं.

पहिली वीस मिनिटं अवघड गेली. एका सरांनी वही काढून विचारलं, "तुमच्याकडे एकूण मेंढ्या किती?" आजोबा गप्प झाले. मेंढरांचा आकडा ती माणसं परक्याला सांगत नाहीत. सर गोंधळले. एरवी वर्गात प्रश्न विचारला की उत्तर यायलाच हवं, ही आम्हा सगळ्यांची सवय. मी मध्ये पडले नाही, आणि ते न पडणं मला फार जड गेलं.

मग एक शिक्षिका बाईमाणसांकडे जाऊन बसल्या. कोकरं वेगळी कोंडलेली होती. त्यांनी सहज विचारलं, "एवढ्या कोकरांत कुणाची आई कोण, हे तुम्हाला कसं कळतं?" ती बाई हसली, म्हणाली, "आमाला कशाला कळाय पायजे? त्यास्नी कळतं की," आणि तिनं कोकरं सोडली. सगळीकडून बें-बें सुरू झालं. मेंढी कोकराचं शेपूट हुंगायची, दुसऱ्याचं असलं तर ढुशी द्यायची, आपलं असलं तर पाय फाकून उभी राहायची. पाच-सात मिनिटांत सगळी कोकरं आपापल्या आईखाली लागली आणि माळ शांत झाला. शिक्षिकेची वही मांडीवर तशीच कोरी होती. सत्तावीस मोठी माणसं लहान मुलांसारखी बघत उभी होती.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, परिषदेत कधीच न बोलणारे, आजोबांजवळ उकिडवे बसले. शेतात मेंढरं बसवायचा हिशेब त्यांनी काढला होता. रात्रभर कळप एखाद्याच्या रानात बसवला की लेंडीखत मिळतं, त्याबदली शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. किती मेंढरं, किती रात्री, किती रान, धान्य घेतलेलं बरं की पैसे. गुरुजी काटकीनं मातीवर मांडत होते, आजोबा खडे सरकवत होते. दोघांचं उत्तर जुळेना. दोघंही पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. शेवटी गुरुजीच म्हणाले, "माझंच चुकलं. मी रात्री मोजल्या, तुम्ही दिवस." शाळेत परत येताना ते मला म्हणाले, "बाई, चौतीस वर्षांत मुलांसमोर 'माझं चुकलं' असं मी म्हटलेलं आठवत नाही."

वर्गात आल्यावर एकानं विचारलंच, "हे अभ्यासक्रमात कुठं बसवायचं? आणि आमच्या गावात वाडा नाही." प्रश्न खरा होता, कारण चाचण्या ठरल्या वेळेला येतात आणि ऑनलाइन माहिती त्याच दिवशी भरायची असते. उत्तर मी दिलं नाही. शेजारच्या गावच्या सरांनी दिलं. ते म्हणाले, "आमच्याकडे वाडा नाही, डेअरी आहे. दशांश अपूर्णांक मी तीन आठवडे शिकवतो आणि निम्म्या पोरांना कळत नाहीत. पण गाईच्या दुधाला साडेतीन फॅट नि साडेआठ एस.एन.एफ., म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, लागतं, फॅट तीन पूर्णांक दोन आलं तर दर उतरतो, हे त्याच पोरांना रोज संध्याकाळी पावतीवर कळतं. मी पावती वर्गात आणायचा विचारच कधी केला नाही."

त्यानंतर कुणी वीटभट्टीचं नाव घेतलं, कुणी ऊसतोडीच्या कोयत्याच्या उचलीचं, कुणी एस.टी.च्या वेळापत्रकाचं. मला थोडं आवरावंही लागलं. माळावर नेलं की आपोआप शिक्षण होतं असं नाही. आजाच्या मुठीतल्या खड्यांपासून दशक-एककापर्यंतचा पूल कुणीतरी बांधावा लागतो, आणि तो बांधण्यात शिक्षकाचं सगळं कसब आहे. नुसती सहल झाली तर त्या मुलीला पुस्तकातलं ८५ कधीच मिळालं नसतं. तिला आजाचा हिशेब येत होताच. शाळेकडून तिला दुसरा हवा होता, पहिला न गमावता.

त्या दिवशी मी सगळ्यांना एक वही दाखवली. पहिल्या वर्षी, दिवाळीनंतर वाडा निघाला तेव्हा मी त्या मुलीला शंभर पानी वही दिली होती. जिथं मुक्काम पडेल तिथं लिहायचं : गावाचं नाव, किती रात्री, किती धान्य, काय बघितलं. हमी पत्रकही दिलं होतं. पण मुक्काम दर दोन-चार दिवसांनी हलतो, ती शाळेत किती बसली असेल याचा अंदाज मला होता. वहीचं काय होईल याचा मात्र नव्हता.

जूनमध्ये ती आली ती वही पोलक्यात खुपसून. पुठ्ठा गेलेला, कडा भिजून फुगलेल्या, पानांना मेंढरांचा वास. एकेचाळीस गावांची नावं होती. बरीच ऐकून लिहिलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. प्रत्येकापुढे रात्री आणि पायल्या. एका पानावर फक्त 'आज घाट चडलो' एवढंच. एका पानावर 'काळी मेंडी मेली. आय रडली.' मध्ये तीन-चार पानांवर बेरजा, खोडलेल्या, पुन्हा केलेल्या. आणि जिथं-जिथं कळपाची मोजणी होती तिथं तिनं दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले होते, मध्ये एक उभी रेघ मारून. रेघेच्या डावीकडे आजाचा आणि उजवीकडे पुस्तकातला.

मी लाल पेन उघडलं होतं. ते मिटून ठेवलं आणि तिला म्हटलं, "बस. मला वाचून दाखव."